लिंक मराठीत, पान इंग्रजीत

निशा हाटकेश भागातल्या एका छोट्या ऑफिसात वेबसाइट बनवायची. तिची आई प्रभावती बेव्हर्ली पार्कच्या घरी साड्यांना फॉल-पिको करायची. नांदेडहून इथे आल्यापासून घर उभं राहिलं ते तिच्या शिलाईवरच.

डोळ्यांच्या एका खासगी दवाखान्याचं काम ऑफिसला मिळालं, तेव्हा मालक उदयशी निशाचं वाजलं. ऑपरेशननंतरच्या सूचनांची लिंक पेशंटला मेसेजमधून जाणार होती.

"सर, मराठी मेसेजमधली लिंक मराठी पानावरच गेली पाहिजे. लिंकमध्येच भाषा टाकू या."

"कशाला? पेशंटचा फोन ज्या भाषेत, पान त्या भाषेत. ऑटोमॅटिक."

"फोन दुकानदार इंग्रजीत लावून देतो. म्हणून बाईला इंग्रजी येतं का?"

"मग वर मराठीचं बटण दिलंय की!"

"ते दाबलं की साइटच्या पहिल्या पानावर जातंय, सर. वाचायचं ते पान हातचं जातं."

"नंतर बघू गं," उदय म्हणाला. ते नंतर कधी आलंच नाही.

पुढे प्रभावतीचं मोतीबिंदूचं ऑपरेशन त्याच दवाखान्यात झालं. सगळं नीट पार पडलं म्हणून निशा चुलतबहिणीच्या लग्नाला नांदेडला गेली. इकडे आईचा डोळा ठणकू लागला. लग्नघरात कशाला काळजी, म्हणून फोनवर ती काही बोलली नाही. दवाखान्याचा मेसेज होता, 'त्रास झाल्यास काय करावे, येथे वाचा.' तिनं बोट लावलं, तर सगळं इंग्रजी. मराठीचं बटण दाबलं, तर हसऱ्या डॉक्टरांचे फोटो आणि 'आपले स्वागत आहे'. पुन्हा मागे गेली, पुन्हा इंग्रजी. शेवटी ऑपरेशननंतर दुखतच असेल असं, म्हणून ती डोळा मिटून पडून राहिली.

त्या पानावर लिहिलं होतं, डोळा दुखला किंवा लाल झाला तर थांबू नका, लगेच या.

निशा परतली आणि आईला घेऊन धावली, पण जंतुसंसर्ग आत पसरला होता. उजवा डोळा गेला.

पेशंटला सूचना मराठीत का दिसल्या नाहीत, असं दवाखान्यानं उदयला फोन करून विचारलं. निशा शेजारच्याच टेबलावर होती. "मराठी पान चालूच होतं हो," उदय फोनवर म्हणाला. "पेशंटनं वाचलंच नाही." पेशंट कोण, हे त्याला ठाऊक होतं.

निशा भांडली नाही. दवाखान्याची लिंक तिनं त्याच दिवशी, कुणाला न विचारता, दुरुस्त केली. आणखी कुणाचा डोळा जायला नको. दवाखान्याच्या नव्या शाखांसाठी दुसरी साइट तयार होत होती, तिच्यात तमिळही होतं. तिथं मात्र तिनं उदयची पद्धत तशीच राहू दिली आणि वाट पाहत बसली. नोकरी सोडायचा विचार रोज यायचा, रोज ती तो गिळायची.

नवं काम बघायला दवाखान्याचे डॉक्टर ऑफिसात आले. उदय दाखवायला उभा राहिला, तेव्हा निशानं त्याच्या हातात एक फोन दिला. तो तिनं तमिळमध्ये लावून ठेवला होता. उदयनं मराठी मेसेजमधली लिंक दाबली. पान तमिळमध्ये उघडलं.

"मराठीचं बटण आहे ना, सर," निशा म्हणाली.

त्यानं दाबलं. पहिलं पान. मागे गेला, तर तमिळ. पुन्हा दाबलं. पुन्हा पहिलं पान.

"तुमचा डोळा ठणकतोय असं समजा, सर. काय करायचं ते तिथे लिहिलंय. वाचा."

"निशा, पुरे झालं!"

"माझ्या आईनं वाचलंच नाही म्हणालात ना? मग तुम्ही वाचा. मोठ्यानं."

एका वयस्क डॉक्टरबाईंनी विचारलं, "तू प्रभावतीबाईंची मुलगी?" निशानं होकारार्थी मान हलवली. बाई उदयकडे वळल्या. "तुम्ही आम्हाला खोटं सांगितलंत."

काम गेलं. बातमी पसरली तशी बाकीची कामंही गेली आणि काही महिन्यांत ऑफिसला कुलूप लागलं. निशा दुसरीकडे नोकरीला लागली होती. दवाखाना आणि उदय, दोघांवर तिनं ग्राहक मंचात केस टाकली.

एका रविवारी उदय मिठाईचा पुडा घेऊन घरी आला. "मावशी, चुकलं माझं. निशाला समजवा, केस मागे घ्यायला सांगा."

प्रभावतीनं चांगला डोळा त्याच्यावर रोखला. "डोळा आणलास का माझा?"

त्यानं पुडा तिच्यापुढे ठेवला.

"मग कशाला आलास?"

निशानं पुडा त्याच्या हातात परत दिला. जिना उतरताना तो कठडा धरून चालला होता. ते तिनं दारात उभं राहून शेवटच्या पायरीपर्यंत पाहिलं, आणि तिला फार बरं वाटलं.