टिनाखालचा उन्हाळा

दर उन्हाळ्यात छपरावरचे मातीचे कवेलू उतरवून फुटके बदलावे लागत. मी घासाघीस करून टिनपत्रे आणले आणि ती कटकट संपवली. आईने लावलेला दोडक्याचा वेल पत्र्यावर चढला नि करपला. पडवीत बसून ती वारलेल्या बाबांच्या धोतरांची गोधडी शिवायची. तिथेही आता बसवेना.

"तुह्या टिनाखाली सुई भाजते रे," ती म्हणाली.

"मंग जाय थोरल्याकडं!" मी ओरडलो.

ती खरंच गेली, गोधडी काखेत घेऊन. थोरल्या भावाचं घर कवेलूचंच होतं. गोधडी तिथेच पुरी झाली. आई वारल्यावर मी ती मागितली.

भाऊ म्हणाला, "तुले टिन हाये ना!"

तेव्हापासून आमचं बोलणं नाही. पत्रे मात्र आजवर कुठेही गळले नाहीत.