बेदाण्यांचा रस
बेदाणे उकळल्याचा वास आला की अजून माझं डोकं तापतं. इस्लामपूरजवळची आमची मंडळी मेथडिस्ट ख्रिस्ती. दारू वर्ज्य, म्हणून चर्चमधल्या प्रभुभोजनाच्या विधीलाही वाइनऐवजी न आंबवलेला रस. तो आई शनिवारी बेदाणे उकळून, गाळून करायची. एका रविवारी ती किटली घेऊन चर्चला निघाली, तर शेजारचे काका ओट्यावरून ओरडले, "तुमच्यात बायकाबी दारू पित्यात म्हणं!" भल्या सकाळी त्यांच्याच तोंडाला हातभट्टीचा भपका येत होता. आईने झाकणात रस ओतून पुढे केला. "आवं, चाखून बघा तरी." काकांनी चाखला, तोंड वाकडं केलं. "ह्यात तर कायबी न्हाई!" आणि संध्याकाळी पारावर सांगितलं, "तिनं मला दारू पाजली!" आता रस मी करते. परवा किटली घेऊन निघाले, तर नव्या शेजारणीने डोळा मारत विचारलं, "तुमच्यात बायकाबी पित्यात म्हणं?" मी झाकण उघडलंच नाही.