उंबरठ्याच्या वर गेलेला रस्ता

“तुमच्या आळीतली माणसं मिठागरातली ना? मग पाण्याचं त्यांना काय वाटणार? उलट घरबसल्या मीठ पिकेल.”

बांधकाम समितीचे सभापती हे माझ्याकडे पाहून म्हणाले आणि सगळी बैठक हसली. ठेकेदार हसला. बडे बाबू हसले. चहाचा ट्रे धरून उभा असलेला शिपाईही हसला.

मीही हसलो.

पेण-रोहा पट्ट्यातल्या त्या नगरपालिकेचे नाव मी लिहीत नाही. तिथे मी नुकताच कायम झालेला ओव्हरसिअर होतो. धरमतरच्या खाडीवर मीठ ओढणाऱ्या घरातला पहिला नोकरदार. ते हसू मी पुढे अनेक वर्षे बायकोपासूनही लपवले. त्यात भीती होती, असे स्वतःला समजावले. भीती होतीच. पण त्या टेबलाभोवती आपणही त्यांच्यातलेच दिसावे, ही हावही होती.

बैठक जुन्या वस्त्यांच्या सुधारणेची होती. निधी आला होता. गावठाणातल्या पडक्या आळ्यांना काँक्रीटचे रस्ते, गटारे आणि दिवे द्यायचे ठरले होते. मी एवढेच विचारले होते की, वरच्या आळीत जुना रस्ता उकरून नवा टाकणार आहोत, तर आमच्या खालच्या आळीतही तसेच का करू नये? न उकरता थर टाकला तर रस्ता घरांच्या जोत्याला भिडेल आणि पाणी घरात शिरेल. त्यावर मिळालेले हे उत्तर.

वरच्या आळीत वकील, डॉक्टर, पेढीवाले राहत. तिथे पहारी लागल्या, राडारोडा उचलला गेला. आमच्या आळीत जुन्या डांबरावरच काँक्रीट ओतले. रस्ता किती उंच यायचा, ती लेव्हल मी दिली. सुतळी माझ्या हातांनी ताणली.

रस्ता उंबरठ्याला टेकला. काही वर्षांनी दुसरी सुधारणा आली, दुसरा थर पडला आणि रस्ता उंबरठ्याच्या वर गेला. त्या वेळी मी विचारलेही नाही. वरच्या आळीचे सांडपाणी उताराने आमच्याकडे येई, ते आता चुलीपर्यंत येऊ लागले. लोकांनी काय करावे? घरात मुरूम भरला, जमीन उचलली. जमीन वर आली. दाराची चौकट होती तिथेच राहिली. आळीतली मोठी माणसे आपल्याच घरात वाकून शिरू लागली.

आमचे बाप मिठागराच्या मालकापुढे वाकले. ते आम्हाला दिसत होते, म्हणून त्याचा राग तरी येत असे. हे वाकवणे मात्र विकासाच्या नावाने झाले. त्याचे नारळ फुटले, फोटो निघाले. आमच्याच माणसांनी टाळ्या वाजवल्या.

मी गावाबाहेर, वरसेला फ्लॅट घेतला. ताठ मानेने दारातून आत जाण्याची सोय मी स्वतःपुरती केली.

माझी आत्या आळीतच राहिली. आई गेल्यावर मला तिनेच वाढवले होते. एकदा भेटायला गेलो तेव्हा तिच्या कपाळावर, केसांच्या कडेला, काळपट वळ दिसला.

“हे काय गो, आत्या?”

“काय नाय रं. चौकटीला डोकं टेकते रोज. देवळात जायाचं काम नाय.” मग दाराकडे बोट करून म्हणाली, “तुमी पण वाका जरा, सायेब. हितं सगल्यांना येकच नियम हाय.”

ती हसत होती. मी वाकलो. आत बसून चहा प्यालो आणि वरसेला परतलो.

यंदा तिसरी सुधारणा आली. नाव पुनरुज्जीवन. रंगीत फरशा, लोखंडी बाकडी, शोभेचे दिवे. पुन्हा सगळे आहे त्याच रस्त्यावर चढवायचे. आणखी एक थर पडला असता तर आत्याच्या दारातून रांगतच आत जावे लागले असते. घर सोडण्यावाचून तिला गत्यंतर उरले नसते.

भूमिपूजनाला आळी जमली होती. उकरणार का, असे एका बाईने विचारले. नवे सभापती माइकवरच म्हणाले, “ही घरं आज ना उद्या पडायचीच आहेत. त्यांच्यासाठी रस्ता कशाला खणायचा?” मग माझ्याकडे वळले. “चला साहेब, लेव्हल द्या.”

“नाही देणार,” मी म्हणालो.

माझा आवाज मुळात लहान आहे. कुणाला नीट ऐकू गेले नाही. म्हणून मी माइक हातात घेतला. “दोन्ही थर उकरल्याशिवाय या आळीत एक फरशी बसणार नाही. मला काढून टाका. मी इथेच रस्त्यात बसेन.”

“घरचं भांडण घरी करा, साहेब,” सभापती पुटपुटले.

मागून एक म्हातारा ओरडला, “आनि आतापावेतो कुठं व्हतास रं?”

प्रश्न रास्त होता. मी आत्याकडे पाहिले. ती दारातच, चौकटीखाली अर्धी वाकलेली, तशीच उभी होती.

“त्यांच्या पंगतीत बसलो होतो,” मी म्हणालो. “तुम्हाला ते हसले तेव्हा मीही हसलो. हा रस्ता तुमच्या घरांवर चढला, त्याची लेव्हल मी दिली. दोन्ही वेळा. कळत असून दिली. आत्या, माझं चुकलं. सगळ्यांची माफी मागतो. ती आज देऊ नका. आधी हा रस्ता उतरवू.”