दाणा पडला न्हाय, पाडला

आमचे मामंजी घरी घुसळलेल्या ताकावरही संशय घ्यायचे. रानात जाताना दाराच्या कडीला सुतळी बांधत, तीही स्वतःच्या खास गाठीची. परत आल्यावर गाठ तशीच दिसली तरी म्हणायचे, "कुणीतरी बघून बांधलीया." सून म्हणून मी आले तेव्हा चुलीपाशी वर्षभर माझ्याकडंही असंच टक लावून बघणं चालू होतं. राग यायचा. पण मला ताप आला की उशाशी तेच बसून राहायचे.

आमचं गाव उमरग्याच्या बाजूचं. भैरोबाला कौल लावल्याशिवाय तिथं पान हलत नसे. देवाच्या दोन्ही खांद्यांवर गुरव भिजवलेले ज्वारीचे दाणे चिकटवी. उजवा पडला तर हो, डावा पडला तर नाही. मामंजी दाणे आणि पाणी घरून नेत आणि गुरवाच्या बोटांवरून नजर काढत नसत.

निजामाच्या शेवटच्या दिवसांत हत्यारबंद टोळ्या गावं जाळू लागल्या. हद्द ओलांडून सोलापूरकडं निघून जावं का, म्हणून मामंजींनी कौल लावला. उजवा दाणा पडला. त्यांनी पुन्हा लावायला सांगितलं, पुन्हा उजवाच. तिसऱ्यांदाही तेच. मामंजी उठले आणि साऱ्या गावासमोर म्हणाले, "दाणा पडला न्हाय, पाडला." आपण गेलो की गुरव आपलं ज्वारीचं पेव उकरणार, याची त्यांना खात्रीच होती.

गाव निघालं, मामंजी मात्र जागचे हलले नाहीत. सासूबाईंनी मला आणि माझ्या मालकांना, कडेवरच्या लेकीसह, जबरदस्तीनं गाडीत बसवलं. स्वतः मात्र उतरल्या. "ह्यास्नी एकलं टाकून म्या कशी येऊ?" एवढंच बोलल्या. आठव्या दिवशी टोळी आली. मामंजी रानात होते. घर जळालं, सासूबाई घरातच होत्या.

निजामी गेल्यावर आम्ही परतलो. मामंजींनी नव्या दाराला कडीच लावली नव्हती. रोज देवळात जाऊन बसायचे. गुरवानं एकदा कौल लावू का म्हणून विचारलं, तर म्हणाले, "नगं. इचारलं की ऐकावं लागतंय."

काही वर्षांनी त्या गुरवानंच मला देवळामागं गाठलं. टोळ्यांच्या त्या दिवसांत देवाची पूजा सोडून त्याला जाता येत नव्हतं, आणि गाव गेलं तर आपण एकटे पडू या भीतीनं तो गारठला होता. म्हणाला, "वहिनी, त्या दिवशी देवाच्या उजव्या खांद्याला म्या आधीच गूळ चोपडून ठिवला हुता. पडू नये म्हणून. तरीबी तिन्ही बारी पडला." म्हणजे लबाडी झालीच होती, पण उलट्या बाजूनं. मामंजींचा संशय खरा होता आणि देवाचा कौलही खरा होता. हे मी माझ्या मालकांनाही सांगितलं नाही.

शेवटच्या दुखण्यात मामंजींनी माझा हात धरला. "पोरी, खरं सांग. दाणा गुरवानंच पाडला हुता न्हवं?"

"व्हय मामंजी," मी म्हणाले. "त्यानंच पाडला."

जन्मभर कुणाच्या शब्दावर न विसंबलेल्या त्या माणसानं मान हलवली आणि डोळे मिटले. माझं खोटं त्यांनी मानलं, की माझ्यासाठी मानल्यासारखं केलं, हा संशय तेवढा ते मला देऊन गेले.