चिंचेनं घासलेला घोडा

समजा, तुमच्या तळहातावर अठराशे वर्षांपूर्वीचं एक नाणं आहे. आकारानं आपल्या दोन रुपयांएवढं, पण चांगलं जाड. एका बाजूला रोमन बादशहाचं डोकं, दुसऱ्या बाजूला नगरदेवता, आणि तिनं लगाम धरलेला घोडा. हे नाणं खरं की खोटं, एवढंच तुम्हाला सांगायचं आहे. आधी काय बघाल?

बहुतेक लोक चेहरा बघतात आणि तिथंच फसतात, कारण नक्कल करणाऱ्यानंही सगळी मेहनत चेहऱ्यावरच घेतलेली असते. तुम्ही कडा बघा. ठोकून पाडलेल्या नाण्याच्या कडेला बारीक चिरा असतात. साच्यात ओतलेल्या नकलेच्या कडेला जोडाची रेघ असते, नाहीतर ती रेघ घासून काढल्याची खूण. मग खोलगट जागा बघा, केसांच्या बटा, अक्षरांच्या आतल्या बाजू. तिथं हिरवा थर धरलेला असतो आणि त्यात माती घट्ट बसलेली असते. ती सुईनं टोकरायची. भसकन निघाली तर ती कालच भरलेली आहे असं समजायचं.

सिडकोत राहणाऱ्या मीनाक्षी धारूरकर हे काम इतकी वर्षं करतायत की त्यांना आता त्यात वेगळं काही वाटत नाही. वाळूजच्या एका कारखान्यात त्या इन्स्पेक्शनला आहेत. गिअरचे दाते मोजायचे आणि मापात बसत नसेल तो माल लाल पेटीत टाकायचा, ही नोकरी. घरी आल्यावरही त्यांची नजर तीच राहते. दूधवाल्याचं माप, सोनाराचा काटा, शेजाऱ्यांनी दिलेला प्रसाद, सगळं त्या एकदा उलटून बघतात. त्यांचे यजमान श्रीधरराव पाहुण्यांना हमखास सांगतात, "मला बघायला आली तेव्हा हिनं माझीही कडा तपासली होती. जोड दिसला नाही म्हणून पास केलं."

नाण्यांचा नाद लागला तोही फसवणुकीतून. शहरात भरलेल्या एका प्रदर्शनातून त्यांनी सातवाहनांचं म्हणून एक नाणं घेतलं. पैठण इतकं जवळ, तेव्हा शंका यायचं कारण नव्हतं. घरी आणून भिंगाखाली धरलं तर अक्षरं ग्रीक. चिडून त्या शोधायला बसल्या, तेव्हा कळलं की नाणं गडारा नावाच्या शहराचं आहे. आज जिथं इस्रायल, जॉर्डन आणि सीरिया आहेत त्या पट्ट्यात रोमनांच्या काळात दहा शहरांचा एक गट होता, गडारा त्यातलंच. रोमनांनी या शहरांना स्वतःची चिल्लर पाडायची मुभा दिली होती, म्हणून प्रत्येकाच्या नाण्यावर आपापला देव, आपापली खूण. मीनाक्षीताईंनी एकेक करत नऊ शहरं जमवली, सगळी परवानाधारक विक्रेत्यांकडून, पावतीसकट. राहिलं होतं हिप्पोस. त्या नावाचा अर्थच घोडा, म्हणून नाण्यावरही घोडा.

हे सगळं गोकुळला माहीत होतं. गोकुळ गंगापूर तालुक्यातला, फरशी बसवणारा. त्यांच्या स्वयंपाकघराची फरशी त्यानंच बसवली, आणि काम करता करता "मावशी, हा कोणता राजा? ह्याचं नाक कुणी खाल्लं?" असं विचारत सगळी नाणी बघून घेतली. पुढे तो बांधकामाच्या कामावर इस्रायलला गेला. त्याच्या पासपोर्टासाठी मीनाक्षीताईंनी बरीच धावपळ केली होती. वर्षभरानं तिथून त्यांच्या फोनवर एक फोटो आला. सिमेंट लागलेल्या तळहातावर हिरवंगार नाणं, त्यात घोडा अगदी स्पष्ट. खाली लिहिलं होतं, "मावशी, हा तुमचाच घोडा हाय का?"

गोकुळ परत आला आणि "येतो घेऊन" म्हणाला, पण मीनाक्षीताईंनी त्याला येऊ दिलं नाही. रविवारी त्या स्वतःच गंगापूरच्या एसटीत बसल्या आणि पुढे जीपनं त्याच्या गावी गेल्या. माणूस स्वतःच्या घरात खोटं बोलत असला की त्याच्या घरच्यांच्या तोंडावर दिसतं, असं त्यांचं मत आहे.

"आये, बघ कोण आलंय. घोड्याच्या मावशी!" गोकुळनं दारातूनच हाक दिली.

त्याची आई, भागूबाई, चहा घेऊन आल्या. सोबत एक स्टीलची ताटली होती आणि ताटलीत नाणं. लालसर पिवळं, लखलखीत, काल टाकसाळीतून निघाल्यासारखं.

"हे काय?" मीनाक्षीताईंच्या तोंडून निघालं.

"तुमचंच की," भागूबाई म्हणाल्या. "लई मळलं होतं बाई. शेवाळ धरल्यावानी हिरवं. चिंच लावली, राख लावली, तवा कुठं उजळलं. पाहुण्याच्या हातात तसलं द्यावं व्हय?"

"चिंच लावली?"

"मग? देवाची भांडी कशानं घासता तुम्ही?"

गोकुळ हसला. "आये, त्या पावडर वापरत असतील. शहरातल्या हायेत."

मीनाक्षीताईंनी पर्समधून भिंग काढलं. कडा राखेनं गुळगुळीत झाली होती. चिरा होत्या की जोडाची रेघ, आता कुणालाच सांगता आलं नसतं. अक्षरांच्या आत कणभर माती नव्हती. फोटोत घोड्याच्या मागे काठाला एक टवका दिसत होता, तो मात्र जागेवर होता. पण खऱ्या नाण्यावरून साचा काढला तर टवकाही नकलेत उतरतो. जे बघून ठरवायचं, नेमकं तेच चिंचेच्या पाण्यासोबत मोरीत गेलं होतं.

"कुठं मिळालं रे?"

"दुकानातून घेतलं. म्हातारा होता एक."

"पावती?"

"मावशी, तुम्ही पोलिसात पाहिजे होता. लई केसी सुटल्या असत्या."

"दुकान कोणत्या गावात?"

"गावाचं नाव... आता जिभंवर येईना बघा."

"फोटोत तुझ्या हाताला सिमेंट होतं."

गोकुळनं हात मांडीवर पुसले. "कामावरून तसाच गेलतो. तिथं कुठं सुट्टी मिळती?"

उत्तर चुकीचं नव्हतं. पण मीनाक्षीताईंच्या डोक्यात हिशेब सुरू झाला होता. दुकान नसेलच आणि नाणं बांधकामाच्या पायाच्या खड्ड्यात सापडलं असेल, तर ते तिथल्या कायद्यानं सरकारचं, ते खिशात घालून आणणं म्हणजे चोरी. म्हणजे नाणं खोटं असलं तर या पोरानं आपल्याला फसवलं, नाहीतर तोच फसला. आणि खरं असलं तर तो चोर. त्यातून तो पैसेही मागत नव्हता. "भेट हाय माझी. पासपोर्टाच्या वेळी तुम्ही पळापळ केलती, ते काय इसरलो व्हय मी?" म्हणाला. पैसे मागितले असते तर संशय घ्यायला सोपं गेलं असतं.

त्यांनी नाणं ताटलीत परत ठेवलं. "गोकुळ, मला हे नाही घेता येणार."

"खोटं हाय का?"

"खरं असलं तर जास्त अवघड आहे."

गोकुळ रागावेल, हिरमुसेल, असं त्यांना वाटलं होतं. त्यानं फक्त आईकडे बघितलं.

"ऱ्हाऊ द्या मग. देवात ठेवते," म्हणत भागूबाई ताटली घेऊन आतल्या कोनाड्याकडे गेल्या. मीनाक्षीताई निरोप घ्यायला त्यांच्या मागे गेल्या, आणि तिथं त्यांची नजर अडली. कोनाड्यात समई, ताम्हन, घंटी, सगळं काळं पडलेलं होतं. कितीतरी महिने कुणी हात लावला नसेल. त्या काळ्या ताम्हनात घोडा तेवढा चमकत होता.

घरी आल्यावर श्रीधरराव म्हणाले, "नऊ तर आहेत ना? दहावं नसलं म्हणून रोमन बादशहा जाब विचारायला येतोय का सिडकोत?" मीनाक्षीताईंनी त्यांना ताम्हनाचं सांगितलं.

त्यानंतर गोकुळ दोनदा घरी येऊन गेला. नाण्याचा विषय कुणीच काढला नाही. नव्या फरशीच्या कामाचं बोलणं झालं, चहा झाला. मीनाक्षीताई त्याच्या कपात साखर घालताना त्याच्या हातांकडे बघत राहिल्या. भागूबाईंचा नंबर त्यांच्या फोनमध्ये आहे. कधीही लावता येईल. पण लावला तर विचारणार काय? जिला देवाची समई घासायला सवड मिळाली नाही, तिनं हे एवढंसं नाणं चिंच-राख लावून घासलं, ते पाहुणीचा मान म्हणून, की कुणी तिला म्हणालं होतं, "आये, याची माती तेवढी काढून टाक"?