जिताडेकाकूंची बुटकी काठी

मासे धरायची काठी घ्यायला जिताडेकाकू दुकानात जायच्या, त्या घराच्या किल्ल्यांचा जुडगा घेऊनच. काठी उचलायची, टोकाला जुडगा अडकवायचा आणि चष्मा कपाळावर सरकवून ती कुठून वाकते ते बघायचं. टोक नमलं पाहिजे आणि मुठीकडचा भाग ढिम्म राहिला पाहिजे. सगळी काठीच कमान झाली तर "ही नुसतीच लाजरी" म्हणून परत ठेवायच्या. टोकही हललं नाही तर "हा सासरा आहे, ह्याला कशाचं काही वाटत नाही" म्हणायच्या. दुकानदार उंचापुरा डच माणूस होता. तो कोपरं टेकून हे सगळं मुकाट्याने बघत राहायचा.

जिताडे हे काही त्यांचं आडनाव नव्हे. इथल्या मराठी मंडळातल्या बायकांनी पाठीमागे ठेवलेलं नाव. काकू पेणच्या, खाडीकाठच्या. अशा माणसांना गोड्या पाण्यातला मासा हा मासाच वाटत नाही, त्याला चिखलाचा वास येतो म्हणतात. पण विमानतळाजवळच्या आमच्या बाडहूव्हडॉर्प गावच्या कालव्यात स्नूकबार्स नावाचा एक काचेसारख्या डोळ्यांचा मासा मिळतो. तो काकूंनी एकदा कालवणात घातला आणि त्यांना खाडीतला जिताडा मासा आठवला. झालं! मंडळाच्या दिवाळीला हातात फराळाची बशी असतानाही त्या समोरच्याला जिताड्याबद्दल सांगत बसायच्या. शाकाहारी माणसं हसून बाजूला व्हायची आणि मग ते नाव घेऊन हसायची.

मी त्यांच्या शेजारी राहायला आले, तेव्हा नवऱ्याच्या व्हिसावर आलेली, नोकरी नसलेली, दिवसभर खिडकीतून विमानं बघणारी बाई होते. काकूंचे यजमान विमानतळावर मालवाहतुकीच्या कामात होते. ते वारले, मुलगा निखिल कॅनडाला नोकरीला गेला, आणि मग लहानपणी वडिलांबरोबर खाडीत गरवायला जाणाऱ्या काकूंनी रीतसर परवाना काढून पुन्हा गळ हातात धरला. एक दिवस दार वाजवून म्हणाल्या, "खिडकीत बसून विमान खाली पडणार आहे का? चल कालव्यावर." मी पुण्याची, घरात अंडंही न शिजवलेली. तरी गेले. त्या घरात आणखी चार महिने एकटी बसले असते तर वेडी झाले असते, हे मी आज स्वच्छ सांगते.

कालव्यावर काकूंची जीभ सुटायची. शेजारी बसणारे डच लोक मासा धरायचे, फोटो काढायचे आणि बाळाला पाळण्यात ठेवावं तसं त्याला पाण्यात सोडायचे. काकूंना ते बघवायचं नाही. "खायचं नाही तर छळता कशाला रे बिचाऱ्याला?" असं त्या चक्क मराठीत विचारायच्या आणि तो माणूस मान डोलवून "या, या", म्हणजे त्यांच्या भाषेत "हो, हो", म्हणायचा. नियमात बसेल तेवढाच मासा त्या घरी न्यायच्या, पण नेलेल्या माशाचं डोकंही वाया जाऊ द्यायच्या नाहीत. मला म्हणायच्या, "तू खाऊ नकोस बाय, पण धरायला शीक. दोरीवर बोट ठेव आणि गप्प बस. हा मासा ओढत नाही, नुसतं विचारतो. त्याचं विचारणं ज्याला कळतं त्यालाच तो मिळतो."

धरलेल्या प्रत्येक माशाचा फोटो त्या निखिलला पाठवायच्या. तो उत्तरादाखल अंगठा पाठवायचा. तेवढ्यावर काकूंचा दिवस जायचा. एकदा मात्र त्याचा फोन आला. विनिपेगजवळ हिवाळ्यात तळं गोठतं, लोक त्यावर गाड्या नेतात, बर्फाला भोक पाडून खालचा मासा धरतात, असं तो सांगत होता. "आई, तो वॉलाय म्हणजे तुझ्या त्या फिशचा कझिनच आहे. तू ये, तुला घेऊन जातो." बोलून तो मोकळा झाला. काकू मात्र त्या शब्दावर उभ्या राहिल्या. त्या हिवाळ्यात निखिलला कामातून वेळ नव्हता. पुढच्या हिवाळ्यात त्याचं घर बदलणं निघालं. "सारखी आठवण करून द्यायची नसते गो, मुलांना ओझं होतं," काकू म्हणायच्या आणि वाट बघायच्या. मुलाच्या शेजारी बर्फावर बसायचं, दोघांनी गळ टाकायचा, एवढंच त्यांना हवं होतं. त्याच्याबरोबर अख्खा दिवस त्या कित्येक वर्षांत बसल्या नव्हत्या.

शेवटी निखिलने तिकीट पाठवलं आणि काकूंना काठीचं वेड लागलं. बर्फावर भोकाच्या तोंडाशीच बसायचं असतं, म्हणून काठी हातभर लांबीची, बुटकी लागते. इथे बर्फ धरतो कुठे? दुकानदाराने आधी लहान मुलांच्या काठ्या काढल्या. काकूंनी त्या किल्ल्या लावून नापास केल्या. तो अदबीने म्हणाला, "मेफ्राउ, बर्फ कुठे आहे?" काकू ताठ मानेने म्हणाल्या, "माझ्या मुलाकडे." मग त्याने आतून धूळ बसलेली एक बुटकी काठी आणली. तिचं टोक काडीसारखं बारीक होतं, मूठ बुचाच्या लाकडाची, आणि दोरी ओवायच्या कड्या मोठ्या, म्हणजे त्यांत बर्फ साचून दोरी अडकणार नाही. किल्ल्यांनी टोक वाकलं, खालचं अंग हललं नाही. काकूंचा चेहरा असा उजळला की दुकानदारही हसला.

घरी आल्यावर दोरी गुंडाळायचं रीळ त्यांनी खोलून ओट्यावर मांडलं. थंडीत आतलं ग्रीस घट्ट होतं आणि रीळ फिरत नाही, म्हणून ते पुसून काढलं आणि पातळ तेलाचा थेंब सोडला. मग ते पिशवीत घालून फ्रीझरमध्ये, खवलेल्या नारळाच्या डब्यावर ठेवलं. सकाळी बाहेर काढून कानाशी फिरवायच्या. कुरकुरलं की पुन्हा पुसायचं. विणलेली दोरी पाणी पिते आणि गोठते, म्हणून साधी बारीक नायलॉनची तंगूसच बांधली. मासा अलगद तोंड लावतो, जाड दोरीवर ते कळणार नाही म्हणाल्या. मुठीवर जुन्या सुती साडीची पट्टी गुंडाळली. मी विचारलं, "कशाला एवढं? तिकडे मिळेलच की." तर म्हणाल्या, "मिळेल. पण निखिलला दिसायला नको का, आईला काय येतं ते?"

मी त्यांना विमानतळावर सोडून आले. परत आल्यावर मंडळात त्यांनी मोठ्या आनंदाने सगळं सांगितलं: बर्फ कसा, गाड्या कशा, मासा केवढा. फोटोही दाखवला, त्यात काकूंच्या हातात भला मोठा वॉलाय होता. सगळ्यांनी वा वा केलं. मी फोटो जरा निरखून बघितला. काकूंच्या हातात मोजे नव्हते, पायात घरातले बूट होते आणि मागे मोटारीचं उघडं दार दिसत होतं.

काही दिवसांनी कालव्यावर बसलो असताना मी सरळच विचारलं. काकूंनी गळ वर ओढून ठेवला. मग पाण्याकडे बघत म्हणाल्या, "त्याचे चार मित्र होते. तो त्यांना म्हणाला, माझ्या आईला मासे फार आवडतात. मला वाटलं आता बोलावेल. तर म्हणाला, आई, तू गाडीत बस, हीटर लावलाय, तुला थंडी बाधेल. आम्ही पकडतो, तू खा."

"मग तुम्ही सांगायचं नाही? काठी काढून दाखवायची नाही?"

"परक्या माणसांत मुलाचा शब्द खाली पाडायचा का गो? त्याने प्रेमानेच सांगितलं. मध्ये दोनदा येऊन कॉफी दिली. फोटोपुरता मासाही दिला हातात."

दिवसभर त्या काचेतून बघत बसल्या. काठी मांडीवर, पिशवीतच. त्याच्या मित्रांच्या काठ्या मासा विचारायला आला की नुसत्या थरथरायच्या, हे लोक गप्पांत, आणि काकूंना ते गाडीतून दिसत होतं. "दोन मासे गेले माझ्यासमोर," म्हणाल्या. मला इतका संताप आला की मी उठून उभी राहिले. वर्षानुवर्षं माशांचे फोटो पाठवणारी आई मासे धरते, हे ह्या शहाण्याला ठाऊक नव्हतं. तो अंगठा न बघताच उमटत होता. आणि तरी त्याला वाईट मुलगा म्हणण्याची सोय नाही, कारण तिकीट त्याने काढलं, हीटर त्याने लावला, कॉफी त्याने आणली. असल्या माणसावर धड रागावताही येत नाही, हा आणखी एक जाच.

त्यानंतर काकू कालव्यावर फारशा आल्या नाहीत. गुडघे दुखतात म्हणायच्या. परवान्याची मुदत संपली, ती त्यांनी वाढवली नाही. मी एकटी जाऊन बसायचे, धरलेला मासा त्यांच्या दारात नेऊन द्यायचे, तर साफ करून शेजारच्या सुरिनामी बाईला देऊन टाकायच्या. पुढे मला झुइडासमध्ये, तिकडच्या उंच ऑफिसांच्या भागात, नोकरी लागली. त्यावर त्या माझ्यापेक्षा जास्त खूश झाल्या, पण पेढा हातात धरूनच म्हणाल्या, "आता तूही बिझी होशील."

गेल्या हिवाळ्यात त्यांनी बाडहूव्हडॉर्पचं घर सोडलं आणि पेणला बहिणीकडे कायमच्या निघाल्या. विमानतळावर मीच होते. निखिलने व्हिडिओ कॉल केला. मागे त्याची मीटिंग चालू होती. "आई, सेटल झालीस की सांग. पुढच्या विंटरला नक्की ये, परत फिशिंगला जाऊ. तुला मजा आली होती ना?"

"हो रे बाळा, फार मजा आली होती," काकू म्हणाल्या आणि फोन बंद झाल्यावर माझा हात घट्ट धरला. "त्याला काही सांगू नकोस हं कधी. त्याला वाईट वाटेल."

मी मान हलवली आणि अजून तो शब्द पाळते आहे. पण त्याला वाईट वाटावं, चांगलं झोप उडण्याइतकं वाईट वाटावं, असं मला मनापासून वाटतं.