मासिकात नसलेला रस्ता

गोंदियाजवळच्या आमच्या कुडवा गावात मी इंग्रजीचा वाघ होतो. म्हणजे आमच्या गल्लीत दहावीला इंग्रजीत पहिल्या झटक्यात पास झालेला एकमेव प्राणी. औषधाची बाटली असो की मिक्सरची वॉरंटी, लोक माझ्या नाकासमोर धरायचे. कळायचं ते वाचायचो, नाही कळायचं ते रचायचो. त्यानं कोणी मेल्याचं अजून ऐकलं नाही.

माझ्या चुलतभावाकडे, म्हणजे दादाकडे, तेव्हाच म्हातारा झालेला व्हिडिओ गेम होता, आणि एकच कॅसेट, मोटारींच्या शर्यतीची. शेतातली धानाची रोवणी उरकली की दादा तिच्यासमोर असा बसायचा की अंगावर कोळी जाळं विणून जाई. एकदा गोंदियात रद्दीवाल्याकडे मला जुनं इंग्रजी मासिक सापडलं. त्यात त्याच शर्यतीवर दोन समीक्षकांनी लिहिलं होतं.

“काय म्हणून राहिले बे ते?” दादानं विचारलं. जसा काही त्याचाच निकाल लागला होता.

पहिल्यानं दहापैकी चार दिले होते. दुसरा म्हणत होता, या रस्त्यांवर माणूस नाही, झाडाचं पान हलत नाही. मेलेल्या गावातून गाडी हाकल्यासारखं वाटतं. मी दादाच्या तोंडाकडे पाहिलं आणि माझी जीभ आपणहून वळली.

“नऊ दिले दादा! आणि लिहितात, तळ्याच्या वळणावर भिंतीमागं चोररस्ता आहे. लाखात एकाला गवसतो.”

“मले गवसन,” दादा म्हणाला.

मग तो शोधत राहिला. नवेगावबांधच्या तलावात मासे नसतील तितक्यांदा त्यानं त्या भिंतीवर गाडी आपटली. वर्षं गेली. शेत ठेक्यानं दुसऱ्याकडे कसायला गेलं. जेवताना त्याची बोटं ताटाच्या कडेवर वळणं घ्यायची.

“भाऊजी, त्या मासिकवाल्याले चिठ्ठी लिहा ना,” वहिनी म्हणायची. “कुठं हाय तो रस्ता, सांगून टाक म्हणा. कालपासून हे माह्याशी बोललेच नाहीत.”

“लिहिली वहिनी, उत्तर येऊन राहिलं,” मी म्हणायचो. खोट्यावर खोटं.

शेवटी एका भर दुपारी मी त्याच्या शेजारी जाऊन बसलो. वहिनी दारात उभी होती.

“दादा, तो रस्ता मी रचला होता. मासिकात नाही तो.”

“चूप बस. आता पाह्य.”

तळ्याचं वळण आलं. गाडी भिंतीवर गेली, आणि आपटली नाही. आरपार गेली. पलीकडे नुसतं राखाडी. वर आभाळ नाही, खाली जमीन नाही. इंजिनाचा आवाजही थांबला. गाडी मात्र चालतच होती, लहान लहान होत.

“हाय ना बे! छापलेलं खोटं कायले राहीन?”

दादा रिमोटची बटणं दाबत होता, पण गाडी वळेना. पहिल्यांदाच त्यानं पडद्यावरची नजर काढून माझ्याकडे पाहिलं.

“आता वापस कसा येऊ? वाच ना बे, काय लिहिलं हाय त्यात?”

इतकी वर्षं टीव्हीखाली जपलेलं ते मासिक माझ्या मांडीवर ठेवून तो थांबला. वहिनीही जवळ आली. मी पानं उलटत राहिलो. रचायला एक ओळ सुचेना.